मॅडमचा फोटो

मंगळवार, संध्याकाळ

मी आणि लेक मिरजगावहून नगरपर्यंत गेलो आणि तसेच परत आलो. दवाखान्यातल्या स्पीच थेरपीच्या खोलीला कुलूप. शिपाई म्हणाला, "मॅडम सोडून गेल्या. नवीन कधी येतील, म्हाईत न्हाई."

माझी स्वरा बोलत नाही. ग्लासाचं चित्र हातात दिलं की पाणी मिळतं, हे मॅडमनी किती चिकाटीनं शिकवलं. आता कुठं नेऊ तिला?

सासूबाई म्हणतात, "तिचा बापबी उशिराच बोलला." म्हणजे मी नुसती वाट बघू?

मॅडमनी दिलेल्या चित्रांच्या गठ्ठ्यात त्यांचा फोटोही आहे. मघापासून स्वरा तोच माझ्या हातात देतेय. मी बाजूला ठेवते, ती परत आणते. चित्र दिलं की मागितलेलं मिळतंच, हे तिच्याकडून रोज मीच घोटून घेतलंय.