पट्ट्यांमधलं अंतर

१२ जाने.
खडकवासल्याच्या रस्त्याला पोलीस भरतीची तयारी करून घेणारी एक अकॅडमी. पहाटे पाचला पोचले. वीस मुलगे, सात मुली. माझ्या पीएचडीचा विषय त्यांना सांगितला: बाई आणि पुरुष एकाच वेगाने चालले तर कंबर, मांडी, गुडघा वेगळं काय करतात. अकॅडमीचे सर म्हणाले, "बाप्यांची हाडं जाड, बायांची बारीक. झाला की तुमचा अभ्यास." मुलगे हसले. मुलीही.
सगळ्यांचं पाऊल सारखं पडावं म्हणून मैदानाकडेच्या सिमेंटच्या रस्त्यावर चुन्याचे आडवे पट्टे मारले. दोन पट्ट्यांत तीस इंच. मुलगे आधी आले होते. माप त्यांच्यावरून घेतलं.

१३ जाने.
फॉर्म भरून घेतले. पाळीच्या रकान्यात सातही मुलींचं उत्तर एकच. नियमित. एकच पेन हातोहात फिरत होतं.

२ फेब्रु.
चुना पुसला जातो म्हणून सरांनी पट्टे ऑइलपेंटने रंगवले आहेत. जानेवारी संपायच्या आतच. रस्ताभर. रोज तासभर परेड त्यांच्यावरूनच, मुलामुलींची एकत्र, सर्वांत उंच मुलगा पुढे. "तुमचे पट्टे लय कामाला आले, मॅडम. पोरींची चाल सुधारली."
मला बरं वाटलं. तेही लिहून ठेवते.

९ फेब्रु.
पीएचडीच्या गाइड मॅडमनी दुसऱ्या मोजमापाचे व्हिडिओ पाहिले. मुलींचं पाऊल लांबलं आहे. प्रत्येक पावलाला कंबर ओढली जाते, मागचा पाय उशिरा सुटतो. मुलग्यांत काहीच बदल नाही. "सुंदर डेटा," मॅडम म्हणाल्या. त्या सहसा असं म्हणत नाहीत.

१६ फेब्रु.
वैशाली. वर्ध्याकडची. इथे कर्वेनगरात चौघींच्या खोलीत राहते, माझ्या पलीकडच्या गल्लीत. सातजणींत सर्वांत बुटकी. डावा पाय हलका टाकत होती. आधी म्हणाली, झोप नाही झाली. मग म्हणाली, जांघेत दुखते.
डाव्या पायावर एक उडी मार म्हटलं. बुटाकडे बघत राहिली. मारली नाही.
"दुखते म्हणून लिहू नका न, मॅडम."
"कधीपासून?"
"पट्टे रंगवले तवापासून."
पाळीचं पुन्हा विचारलं. "दिवाळीनंतर नाही आली." वजन कमी असलं की पळायला हलकं जातं, म्हणून ती रात्रीचं जेवत नाही. बाकीच्याही.

१७ फेब्रु.
वैशालीचा एक्सरे स्वच्छ. पण जेवण तुटून पाळी थांबली की हाड कमकुवत होतं.
मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक तडा गेला तर सुरुवातीला एक्सरेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. त्या हाडावर पळत राहिलं तर ते एखाद्या पावलाला पूर्ण तुटतं, सरकतं. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना हे मी दरवर्षी शिकवते. एका तासात उरकते.

१८ फेब्रु.
सरांना म्हटलं, पट्टे पुसा, मुलींना त्यांच्या पावलाने चालू द्या.
"तुमीच मारले, आता तुमीच पुसा म्हणताय. भरतीत बायांसाठी जमीन मऊ करत्यात का? कुणाचं दुखतंय? नाव सांगा, आजच घरी धाडतो."
नाव सांगितलं नाही. कुणाचीही माहिती बाहेर जाणार नाही, असं फॉर्मवर मीच लिहून दिलं आहे.
संध्याकाळी गाइड मॅडम. "आपण प्रबंध लिहितोय, भरती चालवत नाही. आणि पट्टे पुसलेत तर तिसरं मोजमाप कशावर घेणार आहात? हवेत?"

२० फेब्रु.
आणखी दोघी पायऱ्या उतरताना कठड्याला धरत होत्या. एकमेकींकडे बघत नव्हत्या.

२४ फेब्रु.
वैशालीचं ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, २७ला. आठशे मीटर. वयात बसणारी तिची ही शेवटची भरती. २६ला अकराची वेळ घेतली, एमआरआयसाठी. "येतो," म्हणाली. परेड सोडून दे म्हटलं. "सोडली तर सर इचारतीन न."
मग शेवटचे दोन दिवस तरी नको, म्हटलं.

२६ फेब्रु.
एमआरआय सेंटरवर पावणेबारापर्यंत बसले. आली नाही. फोन लावला.
"मॅडम, मशीनमंदी दिसलं तर मले माहीत होईन न. मंग धावता नाही येत."
"वैशाली, तुटलं तर पुढे साधं चालणंसुद्धा..."
"तुमी सांगतलं तसंच चाललो आमी, मॅडम."
रागाने म्हणाली नाही.
नंतर फोन बंद.

२७ फेब्रु. सकाळी ७.१०
ग्राउंडच्या गेटसमोर, चहाच्या टपरीच्या बाकावर. जाळीतून आतलं दिसतं. फोन सगळ्यांचे बाहेर जमा. तिला आता काही कळवता येत नाही.
गेटवर एक वाक्य बोलले तर तिला बाजूला घेतील. मग ती घरी जाईल, आणि तिचं वर्ष परत येणार नाही. कदाचित हाडाला काहीच झालेलं नसेल. जांघेचा स्नायू असेल. असं होतं. मी पाहिलं आहे.
उलटंही पाहिलं आहे.
मुलींना छातीवर नंबर देऊन जमिनीवर बसवलं आहे. ती चौथ्या रांगेत. पुढच्या तीन रांगा पळून झाल्या. उभं राहायला सांगितलं. बाकीच्या एकदम उठल्या. ती आधी उजव्या बाजूला कलली, हात टेकला, मग उठली. शेजारणीला काहीतरी म्हणाली. शेजारीण हसली.
गेटवरच्या शिपाई बाई माझ्याकडे बघतायत. मीच मघापासून त्यांच्याकडे बघत असणार.