पाच शब्दांचा अभ्यास

आजोबा, आज कोठी भागातल्या दवाखान्यात एक मुलगी ओठ हलवून आईला उत्तरं सांगत होती. म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीची तपासणी तिथे आता मी घेते. मी तिला बाहेर बसायला सांगितलं, तर म्हणाली, "मॅडम, अम्मा डर जाती. जरा बता दिए तो क्या होता?"

काय होतं ते मला ठाऊक आहे.

शाळेच्या आधी तुम्हीच मला शिकवलंत, अंबरपेठच्या घरी, स्वयंपाकघरात, आई पोळ्या लाटत असताना. एकदा मी पुस्तकाच्या शेवटची उत्तरं बघून गणितं सोडवली. तुम्ही वही मिटलीत. "चुकली असतीस तर चाललं असतं गं. आता तुला काय येत नाही, हे मला कसं कळणार?" दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते.

तुम्ही गॅसवर रिकामं पातेलं ठेवून विसरायला लागलात, तेव्हा मी कॉलेजात होते; पुन्हा नेमकं तेच केलं. शेजारच्या काकूंची अशीच तपासणी झाली होती. सोबत गेलेल्या सुनेकडून मी प्रश्न लिहून आणले आणि आठवडाभर तुमचा अभ्यास घेतला. आपल्या घरातून परीक्षेला कोणी तयारीशिवाय जात नसे. लक्षात ठेवून परत सांगायचे पाच शब्द: रुमाल, पूल, चिंच, घोडा, दिवा. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तुम्ही घड्याळ काढताय, पावणेपाचचं, पुन्हा पावणेपाचचं. "मास्तरीण फार कडक आहे हो!" असं आईला ओरडून सांगताय, आणि परत काढताय.

तुम्ही सगळं बरोबर सांगितलंत. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. पुढच्या वर्षी तुम्ही गौलीगुड्याला बसस्थानकाजवळ हरवलात. दुसऱ्या दिवशी सापडलात, तेव्हा मला अहो-जाहो करत होतात.

लवकर कळून हा आजार बरा झाला नसता, हे मी रोज नातेवाइकांना सांगते. पण तुम्हाला एकटं बाहेर सोडलं नसतं, एवढं तरी झालं असतं.

हे पत्र वहीतच राहील, म्हणून लिहिते. तपासणीच्या त्या दिवशी दवाखान्याचा जिना उतरून आपण खाली उसाच्या रसाच्या गाडीपाशी थांबलो. मी खुशीत होते. ग्लास हातात धरून तुम्ही विचारलंत, "आपण कोठीला कशाला आलो होतो गं?"

जिना मागेच होता. डॉक्टर अजून वरच होते.

मी म्हणाले, "रस प्यायला, आजोबा."