लिफ्ट बघून निवडलेलं हॉस्पिटल

४ मे
आजपासून रोजनिशी. बाप होणाऱ्या माणसाने लिहून ठेवलेलं बरं, पुढे कामाला येतं.

हिचा पाचवा महिना संपत आला. हॉस्पिटल निवडायची जबाबदारी मी स्वतःहून अंगावर घेतली. ही म्हणाली, तिची डॉक्टर ठरलेली आहे, पहिल्या तपासणीपासून चौकातल्या डॉक्टरबाईंनाच दाखवतेय. म्हटलं, डॉक्टर ठीक आहे गं, पण हॉस्पिटल ही टेक्निकल बाब आहे. बारा वर्षं लिफ्टच्या मेंटेनन्समध्ये काढलीत मी. कुठल्याही इमारतीचा कारभार कसा चालतो हे तिच्या लिफ्टमध्ये दोन मिनिटं उभं राहिलं की कळतं.

संकल्प: रोज हिच्याबरोबर अर्धा तास चालणे. गरोदरपणाच्या पुस्तकाचं रोज एक प्रकरण. आमच्या बिल्डिंगची बंद लिफ्ट या रविवारी दुरुस्त करणे. (आम्ही तिसऱ्या मजल्यावर. चोपन्न पायऱ्या. मेंटेनन्स माझ्याकडेच, त्यामुळे शेजाऱ्यांना तक्रार करायची चोरी.)

६ मे
चालणे: नाही. कंपनीचा कॉल आला. ही एकटी जाऊन आली. पुस्तक: प्रस्तावना वाचली. चांगली आहे.

१६ मे
डॉक्टरबाईंचं स्वतःचं हॉस्पिटल पाहिलं. एक मजली. लिफ्टच नाही! दारातच नापास. डॉक्टरबाईंनी विचारलं, काही शंका? मी विचारलं, पेशंटला वर कसं नेता? म्हणाल्या, लेबर रूम खालीच आहे, वर माझं घर आहे. बाई हजरजबाबी आहेत, पण मूळ मुद्द्याला बगल दिली.

त्यानंतर ही त्यांच्याशी तासभर बोलत होती. एवढं काय बोलायचं असतं कोण जाणे.

३० मे
सापडलं! पाच मजली प्रायव्हेट हॉस्पिटल. लेबर रूम चौथ्या मजल्यावर. नर्स खोली दाखवत होती, बाळाचा पाळणा, बाथरूम, नातेवाइकांचा सोफा वगैरे. मी तेवढ्यात लिफ्टने चार फेऱ्या मारल्या. पोटातलं पाणी हललं नाही. मेंटेनन्स कोणाचं? आमच्याच कंपनीचं. विषय संपला.

हिने काउंटरवर विचारलं, चौकातल्या डॉक्टरबाई इथे डिलिव्हरीला येतात का. येतात म्हणे, नेहमीच. लगेच हिचा चेहरा फुलला आणि इथेच नाव नोंदवू म्हणाली. लिफ्टने हिलाही जिंकलं.

परतताना गाडीत म्हणाली, "माझं एकच मागणं आहे. त्या वेळी तू माझ्याजवळ पाहिजेस. हात धरून. बाकी लिफ्ट असो नसो." मी शब्द दिला. माझा शब्द म्हणजे शब्द.

७ जून
रविवार. घरची लिफ्ट करायला निघालोच होतो, टेस्टर सापडला नाही. पुढच्या रविवारी नक्की.

आज सासूबाई राहायला आल्या. चोपन्न पायऱ्या चढताना प्रत्येक मजल्यावर बसून माझी आठवण काढली म्हणे. माया आहे त्यांची.

११ जुलै
हॉस्पिटलमधला श्वासाचा क्लास. नवरे पण बरोबर. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. मी इतका शांत झालो की क्लासच्या बाईंनी बाकीच्यांना माझं उदाहरण दिलं. ही म्हणते, बाई फक्त म्हणाल्या की घोरणाऱ्यांना जागं करा.

चालणे: उद्यापासून. पुस्तक: प्रकरण एक, अर्धं. कमरेचे आजार मला पण आहेत असं वाटायला लागलं, म्हणून थांबलो.

९ ऑगस्ट
आजचा रविवार सत्कारणी. हॉस्पिटलची लिफ्ट स्वतःच्या हातांनी सर्व्हिस केली. दार हिच्या पोटाला लागू नये म्हणून त्याचा सेन्सर एकदम नाजूक करून ठेवला. अलार्मची घंटा फार कर्कश होती, नुकती जन्मलेली बाळं दचकतील, म्हणून आवाज कमी केला. आत स्टिकर लावला: 'अडकल्यास घाबरू नका. या नंबरवर फोन करा.' नंबर माझा. अडकलेल्याला ऑफिसच्या हेलपाट्यात न घालता थेट जाणकार माणूस मिळायला हवा.

ही म्हणाली, रविवार मोकळा होता तर आपली का नाही केली? आठवा संपत आलाय, मी दिवसातून दोनदा चढते-उतरते. मी म्हटलं, प्रायॉरिटी नावाची गोष्ट असते. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पटलं असावं.

६ सप्टेंबर
रंगीत तालीम. घर ते चौथा मजला, सव्वीस मिनिटं. ही आली नाही, झोपली होती. तिच्या जागी उशी घेतली. उशीने काहीही तक्रार केली नाही.

१४ सप्टेंबर, सकाळी ९
सुरू झालं. ही शांत. मीही शांत. किल्ली फ्रिजमध्ये सापडली.

१०.३०
पोचलो. लिफ्टने अलगद वर. मी हिला विचारलं, कशी वाटली? हिने माझं मनगट इतकं आवळलं की घड्याळाची काच तडकली. आवडली.

१२.३०
डॉक्टरबाई म्हणाल्या, आता फार वेळ नाही, हात धुऊन गाऊन घाला. तेवढ्यात आठवलं, बाळाच्या कपड्यांची बॅग गाडीतच राहिली. दोन मिनिटांत येतो म्हटलं. ही म्हणाली, लवकर ये.

१२.४१, लिफ्टमध्ये
तिसरा आणि चौथा यांच्या मध्ये. बॅगेचा पट्टा दाराच्या फटीत अडकला. दार उघडं आहे असं सेन्सरला वाटलं. लिफ्ट थांबली. तिचं काहीही चुकलेलं नाही, अशा वेळी थांबायलाच हवं.

१२.४३
घंटा दाबली. काय मंजुळ आवाज. कोणीही दचकलं नाही.

१२.४५
स्टिकरवरचा नंबर लावला. एंगेज.

१२.४६
पुन्हा एंगेज. इथे माणसाचा जीव टांगणीला आणि हा गृहस्थ गप्पा मारतोय. याची कंपनीत लेखी तक्रार करणार.

१२.४७
नंबर माझाच आहे.

१२.५०
ऑफिसला फोन केला. नवीन मुलगी होती, नाव न विचारता म्हणाली, सुपरवायझरना आत्ताच कळवते. फोन ठेवला. लगेच माझा फोन वाजला. तीच. हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये एक माणूस अडकलाय, घाबरलेला वाटतोय, ताबडतोब निघा. निघालो म्हटलं.

१.०२
चार आत. सहा बाहेर. चार आत.
मी घाबरलोय. लिफ्टला नाही. चार महिन्यांत तिने एकच गोष्ट मागितली होती.

१.०९
रडण्याचा आवाज. वरून आला, चौथ्या मजल्यावरून. बारीक, चिडका, खणखणीत. असा अलार्म मी बारा वर्षांत ऐकला नाही. मग खाली बसलो आणि मीही रडलो. रडताना आवाज कमी ठेवता आला नाही.

१५ सप्टेंबर
मुलगी!

माझा आवाज सासूबाईंनी ओळखला. दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाल्या, "मुलगी झाली. तुम्ही आहात कुठे?"

"इथेच," मी म्हटलं. "जवळच आहे."

मग वॉचमनने किल्लीने वरचं दार उघडलं. काय करायचं ते मी आतून सांगत होतो, त्यामुळे माझी सुटका मीच केली असं म्हणता येईल. वॉचमनने फक्त काखेत धरून ओढलं.

लेबर रूममध्ये गेलो. माफी मागायची होती. ही थकलेली, घामेजलेली. रागावली नाही. म्हणाली, कपडे आण. मी बॅग पुढे केली. पट्टा नव्हता. डॉक्टरबाई हिला म्हणाल्या, रोज पायऱ्या चढत होतात, त्याचाही फायदा झाला. मी त्यांना सांगितलं की ते नियोजन माझंच. सासूबाई उठून बाहेर गेल्या.

मुलीने माझं बोट धरलं. आईसारखीच पकड आहे.

१६ सप्टेंबर
घरची लिफ्ट दुरुस्त केली. एक वायर सुटली होती. लागलेला वेळ: वीस मिनिटं. हे हिला सांगायची गरज नाही.

१७ सप्टेंबर
आज दोघींना घरी आणलं. लिफ्टचं दार उघडून मी अदबीने बाजूला उभा राहिलो. ही बाळाला घेऊन आत गेली, मागोमाग सासूबाई. मी बॅगा उचलून आत पाय टाकणार, एवढ्यात हिने हात आडवा केला.

"आम्ही तिघी लिफ्टने जातो. तू जिन्याने ये."

दार बंद झालं. मी तीन बॅगा आणि एक उशी घेऊन धावत सुटलो. चोपन्न पायऱ्या. चार आत, सहा बाहेर हे कुठच्या कुठे गेलं. दुसऱ्या मजल्यावर उशी पडली, सोडून दिली. वर पोचलो तेव्हा लिफ्टचं दार नुकतं उघडत होतं. बॅगा टाकल्या आणि हात पुढे केला. हिने तो धरला आणि मुलीला सांगितलं की हे तुझे बाबा, थोडे दमतात, पण येतात.

संकल्प: उशी घेऊन येणे.