पूर्ण बाह्यांचे घर

त्या सकाळी पाणी भरले, चहा टाकला, चादर गच्चीत झटकली. हे गेल्यापासून तिच्यातून खपल्या पडत नाहीत, तरी झटकायची सवय सुटत नाही. खाली आले तर मुलगा मशीनवर बसून माझ्या नातीच्या फ्रॉकला मनगटापर्यंत बाह्या जोडत होता. ऐन उन्हाळ्यात!

"कोपरावर चट्टा आलाय, आई. लोक बघतील."

"मग डॉक्टरला दाखव."

"घरातलं घरात राहू दे. बाह्या आहेत की."

म्हणून मी, एका शिंप्याची विधवा, पूर्ण शुद्धीत, बऱ्यापैकी रागात आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते.

१. घर मुलाला आणि सुनेला निम्मे-निम्मे. राबते ती, तिचे नाव कागदावर हवेच.

२. मशीन मुलाला. हात चांगला आहे त्याचा, डोके बापासारखे.

३. नणंदेला माझ्या सासऱ्यांचा जुना शर्ट. यांना सोरायसिस झाला तेव्हा ती म्हणाली, "आमच्यात नव्हतं हे, वहिनी. तुझ्या हातचं बाधलं." जन्मभर ऐकून घेतले. आता तिने शर्ट उलटा करून बाह्या पाहाव्यात. मलमाचे डाग आहेत, यांच्या शर्टांना होते तसेच. या घरात पूर्ण बाह्यांना शिस्त म्हणत आले.

४. बँकेतली ठेव नातीच्या औषधपाण्यासाठी. वाचनालयात बसून वाचले ते इथे लिहिते: हा रोग स्पर्शाने लागत नाही. त्याचा धोका वाढवणारी जनुके घराण्यातून येतात, एक नव्हे, अनेक. पण बी असले म्हणजे रोप उगवतेच असे नाही. मुलाच्या अंगावर आजवर काही उठले नाही. घसा बिघडला, कातडी सोलवटली, मनावर ताण आला की उगवू शकते. यात कोणाचे पाप नाही आणि माझ्या स्वयंपाकाचे तर नाहीच. लपवण्यात मात्र इलाज राहून जातो. यांचे सांधे आखडले तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरकडे गेलो. गावभर काजे करून दिलेल्या माणसाला स्वतःचे बटण लावता येईना. मी लावायचे.

५. यांची कात्री माझ्या पश्चात नातीला.

साक्षीदार: वाचनालयाच्या बाई, समोरचे चावीवाले.
स्थळ: शिवणाची खोली. तारीख: ३ जून.
सही

पुरवणी, त्याच दोघांसमोर: कलम पाच रद्द. पोरीने माझ्या मरणापर्यंत का थांबावे? दुसऱ्या दिवशी, चार जूनला, मी कात्री नातीच्या हातात दिली. तिने फ्रॉकच्या बाह्या कापल्या आणि मी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.