बदलीची सात मशीनं

प्रिय दादा,

‘प्रिय’ सवयीने लिहिलंय, त्याचा फार अर्थ काढू नकोस. आज तू समोर असतास तर तुझ्या त्या कडक इस्त्रीच्या शर्टावर मी मशीनच्या तेलाचा डबा उपडा केला असता. फोनच करणार होते, पण फोनवर तू मला दोन वाक्यांच्या वर बोलू देत नाहीस. ‘मुद्द्यावर ये’ म्हणतोस. कागदाला तसं म्हणता येत नाही, म्हणून हे पत्र. शनिवारच्या आत वाच. शनिवारी अकरा वाजता तू तुझ्या मॅनेजमेंट कॉलेजच्या हॉलमध्ये भाषण ठोकणार आहेस, आणि शेजारच्या खुर्चीत बाबांना बसवणार आहेस. ते व्हायच्या आत वाच.

तुमच्या कॉलेजचं पुस्तक मिळालं. गुळगुळीत कागद, वास तर असा की आईने आधी नाकाला लावलं आणि मग डोळ्यांना. पास झालेल्या वीस जणांनी आपापला अनुभव लिहिलाय, जवळजवळ प्रत्येकाचा हाताची घडी घातलेला फोटो. अरे, तुम्हाला काय एकाच फोटोवाल्याने दम दिला होता का? बहुतेकांना ‘नुसती पदवी नाही, दृष्टी मिळाली’. वीसपैकी अठरा जणांना एकच दृष्टी मिळाली म्हणजे ती वाटताना कुणीतरी पळी घेऊन उभं असणार. मी हसत हसत पानं उलटत होते, तोवर तू आलास. पान अकरा. ‘माझ्या वडिलांच्या दुकानात सात मशीनं वर्षानुवर्षं नुसती पडून होती. मी ती विकायला लावली. वडिलांकडे हात होते, दृष्टी मी दिली. आज ते समाधानी आहेत.’

बाबा म्हणाले, वाचून दाखव की. मग मी माझं नेहमीचं केलं, मनाचं घालून वाचलं. ‘माझे वडील पट्टीचे कारागीर, त्यांच्या हाताखाली मी वाढलो, आज जो काही आहे तो त्यांच्यामुळे,’ असं घडाघडा, न अडखळता. आईने डोळ्याला पदरही लावला. बाबा म्हणाले, “छान वाचतेस. पण खालच्या दोन ओळी राहिल्या बघ.” त्यांनी ते आदल्या दिवशीच वाचलं होतं. चष्मा लावून, दुकानात बसून. दुकानात आता वाचायला वेळच वेळ असतो.

ती सात मशीनं पडून होती म्हणतोस? तू त्याच दुकानात पाटीवर अक्षरं गिरवलीस ना रे? कुणाचं शिलाई मशीन बिघडलं की तो ते घेऊन यायचा आणि जाताना बदलीचं मशीन घेऊन जायचा. एक ते सात, पिवळ्या रंगात आकडे बाबांनी स्वतः रंगवलेले. भाडं नाही, कागद नाही. शिवणाऱ्याचा हात एक दिवसही रिकामा राहता कामा नये, एवढंच. आणि त्याचा हात चालू राहिला की बाबांनाही घाई नसायची. ते मशीन पूर्ण उघडायचे, शटल काढून पुसायचे, कापड सरकवणारे दात घासायचे, आणि ज्या दुखण्यासाठी ते आलंच नव्हतं तेही बरं करून पाठवायचे. पडदे शिवणाऱ्या काकू म्हणायच्या, “तुझ्या बापाकडून मशीन माहेरपण करून आल्यासारखं येतं गं.” हा सगळा धंदा त्या सात मशीनांवर उभा होता, दादा. हे मला कळत होतं, आणि मी गणितात दोनदा गचकलेली.

मग कॉलेजच्या प्रकल्पासाठी तुम्ही पाच जण आलात. गळ्यात पट्टे, हातात घड्याळं. तीन दिवस दुकानात बसलात. बाबा सुई बदलायला किती सेकंद घेतात, तेल घालायला किती, गिऱ्हाईकाशी गप्पा किती. बाबा बिचारे तीन दिवस पोट आत घेऊन काम करत होते. मी तुमच्यातल्या एकाला सांगितलं की शिंकायचे सेकंद वेगळे लिहायचे असतात, तर त्याने खरंच रकाना आखला. पण तुम्ही आलात कधी? शाळा सुरू होऊन गणवेशांचं काम संपल्यावर. सगळ्या टेलरमास्तरांची मशीनं तेव्हा धडधाकट असतात, आणि आमची सातही झाकण घालून भिंतीशी उभी असतात. वर्षात तेवढेच पंधरा दिवस! मी तुला सांगितलं की नाही? दोन महिन्यांपूर्वी येऊन बघायचंस, एक मशीन दिसलं नसतं, नंबर लागायचे. तू काय म्हणालास? “आकडे बोलतात, तू गप्प बस.” त्या चौघांसमोर म्हणालास. ते हसले.

एक नाही हसली. ती चष्मेवाली, तुमच्या गटातली. पुस्तकात तिचाही अनुभव आहे, पान सतरा, नुसता अर्धा. तू ते पान उघडलंसही नसशील. तिने लिहिलंय, ‘दोन वर्षांत मी बसल्या बसल्या झोपायला शिकले, आणि न वाचलेल्या पुस्तकावर वीस मिनिटं बोलायला. एका दुकानात आम्ही तीन दिवस घड्याळ लावून बसलो आणि एकाही गिऱ्हाईकाला काही विचारलं नाही. त्या पाहणीला पहिलं बक्षीस मिळालं. ते बक्षीस घेताना मी टाळ्या वाजवत होते, हे मला आठवतं.’ एवढंच. मी ते चार वेळा वाचलं. तिच्या फोटोत हाताची घडीसुद्धा नाही.

बक्षीस मिळालं आणि तू घरी आलास ट्रॉफी घेऊन. जेवताना बाबांना पटवलंस. म्हणजे पटवलं नाहीसच, ते पहिल्या घासालाच हो म्हणाले. मुलगा एवढा शिकून आलाय, त्याला नाही कसं म्हणायचं? आठ दिवसांत सातही गेली. कुठे गेली माहीत आहे? मोठ्या रस्त्यावरच्या शोरूमवाल्याने घेतली. आणि तो ती काय करतो माहीत आहे? बदलीला देतो, दादा! बाबांनी रंगवलेले आकडेसुद्धा त्याने पुसले नाहीत. परवा गणवेशवाले टेलरमास्तर सायकलला चार नंबर बांधून आपल्या दुकानासमोरून गेले. बाबांना बघून त्यांनी मान खाली घातली, आणि बाबांनी त्यांना हाक मारून सांगितलं, “मास्तर, त्याची चाकावरची वादी जरा सैल ठेवा, घट्ट केली की कुरकुरतं ते.” मी आत जाऊन हातोडी आपटत बसले. कशावर आपटत होते मलाच माहीत नाही.

आता माणसं येतात ती घाईची. संध्याकाळपर्यंत द्या, उद्या माल द्यायचाय. संध्याकाळपर्यंत काय होतं? वरवरचं. मग ते पुन्हा बिघडतं आणि पुढच्या वेळी शोरूमला जातं. गेल्या महिन्यात तीन मशीनं आली, त्यातलं एक आईचं. तुला मी दोनदा सांगितलं. पहिल्यांदा म्हणालास बदलाचा काळ आहे. दुसऱ्यांदा म्हणालास मीटिंगमध्ये आहे. बाबांना विचारलंस की ते ‘ठीक चाललंय’ म्हणतात, आणि तुला तेवढंच पुरतं. दीड वर्षात एकदा येऊन शटर वर करून बघितलंस? लोकांच्या कंपन्यांना सल्ले देत हिंडतोस, आणि बापाच्या आवाजावरून तुला काही कळत नाही?

थांब. आता जे लिहिणार आहे ते लिहू नये असं सकाळपासून वाटतंय. पण तुझ्यावर एवढं तोंड सोडून हे गिळलं तर मी तुझ्यापेक्षा वेगळी कशी?

तू कॉलेजला परत जाताना मला एक रजिस्टर देऊन गेला होतास, त्या तीन दिवसांच्या पाहणीच्याही आधी, ऐन गणवेशाच्या दिवसांत. कुठलं मशीन कोणाकडे गेलं, कधी परत आलं, महिनाभर लिही म्हणालास. तेव्हा तू बरोबर केलं होतंस, हे कबूल. आठवडाभर मी नीट लिहिलं. मग कंटाळा आला, आणि तुझ्या शिष्टपणाचा रागही होता. मग दोन नंबर नेलं एका राजकन्येने, पाच नंबर चंद्रावर, तीन नंबर रुसून स्वतःच चालत गेलं, असलं काय काय लिहिलं. पानंच्या पानं. मला वाटलं तू वाचून हसशील आणि म्हणशील, गधडे, आता खरं सांग. तू हसलाच नाहीस. रजिस्टर टोपलीत टाकलंस आणि ती घड्याळं घेऊन आलास. त्या महिन्यात सातही मशीनं एक दिवस भिंतीला टेकली नव्हती. ते सांगणारा एकच कागद होता, तो मी नासवला. बाबांना हे माहीत नाही. ते अजून समजतात की रजिस्टर तुम्हाला पुरेसं पडलं नाही. तेव्हा माझाही राग राग कर हवा तर, मी कुठे पळणार नाही. पण चेष्टा करणाऱ्या पोरीचा कागद खोटा निघाला म्हणून खरं काय ते विचारायचंच नाही, हे तुला त्या कॉलेजात कोणी शिकवलं?

मग मी शनिवारचं मोडायला निघाले. काल तुमच्या कॉलेजच्या ऑफिसात फोन केला, आवाज चढवून, नाकातून. म्हटलं, साहेबांच्या कार्यालयातून बोलतेय, साहेबांचे वडील प्रकृतीमुळे येऊ शकणार नाहीत, कृपया खुर्ची काढावी. तिकडच्या बाई इतक्या गोड! म्हणाल्या, “अहो, पण त्यांचा आत्ताच फोन येऊन गेला की. ठणठणीत वाटले. स्टेजवर दोन मिनिटं बोलायला मिळेल का, असं विचारत होते.” मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा माझी थाप अशी तोंडावर आपटली. मला वाटलं, चला, बाबा उठून सगळं सांगणार. खरं सांगते, मला आनंद झाला. पुढच्या रांगेत बसून तुझा चेहरा बघायचा, असंही ठरवलं.

आज सकाळी मी गल्ल्याखाली घुसून पडलेला स्क्रू शोधत होते. बाबा आत आले, त्यांना मी दिसले नाही. रिकाम्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, सदरा खाली ओढला, आणि म्हणाले, “नमस्कार. माझ्या मुलाने सांगितलं ते मी केलं. तेव्हापासून दुकान फार...” आणि तिथेच अडकले. घसा साफ करून पुन्हा नमस्कारापासून सुरुवात. तिसऱ्यांदा जमलं, तर हसू विसरले, म्हणून चौथ्यांदा. मग त्यांना माझे पाय दिसले. मला वाटलं ओशाळतील. तर खाली वाकून विचारतात, “काय गं, ‘दुकान चांगलं चाललंय’ म्हणू की ‘उत्तम’? शिकलेल्या लोकांत काय बरं दिसेल?” म्हटलं, बाबा, हे कशाला? तर म्हणाले, “त्याने छापून दिलंय ना. आता मीच नाही म्हटलं तर चारचौघांत पोराचं तोंड कुठे राहील?” हे पत्र त्यासाठी आहे, दादा. त्यांना मी थांबवू शकत नाही, माझं ते ऐकणार नाहीत, त्यांना वाटेल मी नेहमीसारखी खोडी काढतेय. थांबवशील तर तूच. शनिवारी त्यांना बोलवायच्या आधी तू उठ आणि जे झालं ते सांग, पाहणी कधी केली तेही आणि मशीनं आता कुठे आहेत तेही. रजिस्टरचं खुशाल माझ्यावर घाल. मी हॉलमध्ये असेन, हात वर करून उभी राहीन, हसू देत सगळ्यांना. पण तू आधी बोल. त्या माणसाला माईकपर्यंत जाऊ देऊ नकोस.

तुझीच, तुझ्यावर चिडायचा हक्क अजून न सोडलेली,
धाकटी