ट्रे भरलेला होता

प्रिय ताई,

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. खेळात त्या संध्याकाळी आईने ऑपरेशनला ‘नको’ म्हटलं, तेव्हा माझ्याकडे फक्त काचेचा तुकडा आणि तारा कापायची पक्कड होती, असं मी लिहिलं होतं. तसं नव्हतं. ट्रे भरलेला होता. सुरी, चिमटे, करवत, जखमेला डाग देऊन बंद करायचं यंत्र, सगळं ओळीत मांडलेलं होतं आणि आईला ते दिसत होतं. मी दोन संध्याकाळींची सरमिसळ केली. तू मला ठेवलेलं नाव घेऊन म्हणशील, टाचणी ती टाचणीच, एवढ्याशासाठी पुन्हा पत्र! पण हे एवढंसं नाही, आणि फोनवर मला ते सांगता आलं नसतं. फोनवर तू बोलायला लागलीस की मी अर्ध्या वाक्यात ‘हो ताई’ म्हणून मोकळी होते, आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात उभी राहून उरलेलं वाक्य ओट्याला ऐकवते.

तो खेळ मी तुला कधी नीट समजावून सांगितला नाही. तू त्याला ‘तुमचं ते जहाज’ म्हणायचीस. अवकाशात एक जहाज असतं आणि त्यावर वीस-पंचवीस माणसं, जो तो आपापल्या घरी कॉम्प्युटरपुढे बसलेला. कुणी स्वयंपाकी होतो, कुणी पहारेकरी, कुणी मेकॅनिक. दर डावात काहीतरी बिघडतं, आग लागते, भिंत फुटते, आणि तासाभरात निम्मे तरी मरतात. मग नवा डाव. जखमी माणसाला टेबलावर घेऊन ऑपरेशन करता येतं. चीर द्यायची, रक्तवाहिन्या चिमट्यात धरायच्या, कातडी मागे ओढून ठेवायची, हाड कापायचं, आतलं काम करायचं, डाग देऊन बंद करायचं. योग्य हत्यार हातात असलं की प्रत्येक पायरी हमखास पार पडते. नसलं तर मिळेल ते चालतं. सुरीच्या जागी काच, चिमट्याच्या जागी पक्कड, डाग द्यायला लायटर. मात्र मग भरवसा नाही. मधेच पडद्यावर ओळ येते, ‘तुमचा हात घसरला’, आणि पेशंटला आणखी एक जखम.

आईला मी तिथे नेलं ते तिच्या थरथरत्या बोटांसाठी. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, बोटं हलती ठेवा, आणि रबरी चेंडू दाबायला आई तयार नव्हती. “मी काय मांजर आहे?” म्हणाली. मी चष्म्याच्या दुकानातून घरी आले की तासभर खेळायचे. एकदा ती मागे येऊन उभी राहिली आणि मी चीर देऊन थेट करवत उचलली तशी ओरडलीच, “अगं, आधी धर! रक्तात काय दिसणार आहे तुला?” दुसऱ्या दिवशी मी आले तर आईसाहेब माझ्या खुर्चीत. मग मी बाबांचा जुना कॉम्प्युटर खाली काढला आणि आम्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी बसायला लागलो.

त्याच टेबलावर, ताई. आपल्या दोघींची पहिली शाळा तेच. त्याच्या ड्रॉवरच्या मुठीला दोरा बांधून एका हाताने गाठ मारायला तू आधी शिकलीस आणि मी रडले होते. मोजायला आपण चमच्यांवर शिकलो, कारण जेवण झाल्यावर चमचे मोजल्याशिवाय ती कुणाला उठू द्यायची नाही. पोट शिवण्याआधी जसं सगळं मोजायचं तसं. बाबा म्हणायचे, या घरात एक चमचा कमी भरला तर पाहुण्यांना आडवं घेतील. खऱ्या शाळेत गेले तेव्हा मला सगळ्यात विचित्र वाटलं ते हे, की तिथे कुणीच काही मोजत नाही.

जहाजावर सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणायला लागले. ती खरी सर्जन होती हे त्यांना माहीत नव्हतं, मीही सांगितलं नाही. तिचं एक खूळ मात्र सगळ्यांना ठाऊक झालं. ती कापण्याआधी विचारायची. “करू का?” असं लिहायची आणि समोरच्याने ‘हो’ लिहीपर्यंत हात खाली ठेवायची. माणूस मरायला टेकलाय, बाहेर धूर, आणि ही थांबलेली. तिथे आमचा एक सोबती आहे, कशातूनही जिवंत निघतो म्हणून त्याला झुरळ म्हणतात. आवाजावरून पोराबाळांचा माणूस वाटतो. तो किंचाळायचा, “डॉक्टरीणबाई, जहाज पेटलंय, विचारत काय बसलात!” ही शांतपणे लिहायची, “पेटू दे. तू तोंडाने सांग.” तुला आठवत असेल, खऱ्या दवाखान्यातही तिचं हेच होतं. सही झालेली असली तरी भूल देण्याआधी पेशंटचं मनगट धरून ती पुन्हा एकदा विचारायची, आणि बाकीची मंडळी घड्याळाकडे बघत उभी राहायची. झुरळाने तिला एकदा चिडवायला म्हणून विचारलं होतं, “आणि तुमचा पेशंट बेशुद्ध असला तर? त्याच्या भुताला विचारणार?” तिने लिहिलं, “शुद्धीत असताना काय म्हणाला होता ते आठवायचं. कुणालाच आठवत नसेल तर करायचं.” मी तेव्हा शेजारी बसून हसले होते.

काचेच्या तुकड्याची संध्याकाळ होती ती झुरळाची. दवाखान्याचं कोठार जळून गेलं होतं आणि त्याच्या पोटात लोखंडाचा तुकडा. तो म्हणाला, “करा बाई, काय व्हायचं ते होऊ दे.” आईने फुटक्या खिडकीतली काच उचलली, पक्कड माझ्याकडून घेतली, लायटर स्वयंपाक्याकडून. दोनदा ‘तुमचा हात घसरला’ अशी ओळ आली. पहिल्या वेळी ती हसली. दुसऱ्या वेळी तिने माऊसवरचा आपला उजवा हात उचलून जरा वेळ बघितला. तो थरथरत होता, पण त्याचा खेळाशी काही संबंध नव्हता, खेळात फासे पडतात तसं ते पडतं. “बघ, यांनाही कळलं,” एवढंच म्हणाली आणि पुन्हा चीर धरली. झुरळ वाचला. त्या रात्री जेवताना तिने खूप वर्षांनी दोनदा वाढून घेतलं. तिने काम सोडल्यापासून मी तिला इतकं खूश पाहिलं नव्हतं.

दुसरी संध्याकाळ त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आली. मालखान्यात आईच्या डोक्यावर पेटी कोसळली. मी तिला ओढत दवाखान्यात आणलं, टेबलावर घेतलं. पडद्यावर लिहून आलं की डोक्याच्या आत रक्त साठतंय, उघडावं लागेल. तिच्या शाळेतली मी, म्हणून विचारलं, “करू का?” तिने लिहिलं, “नको.” मला थट्टा वाटली. मी तोंडानेच म्हटलं, “आई, मरशील ना!” तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लिहिलं, “पेशंट नको म्हणालाय. डॉक्टरांनी हात खाली ठेवावेत.” मग तिने मला लांबच्या बोळाच्या टोकाला नेऊन ठेवायला सांगितलं. तिथे मोठी खिडकी आहे आणि बाहेर नुसते तारे. मी चाकाच्या खाटेवरून तिला नेलं. झुरळ आला, स्वयंपाकी आला, आम्ही तिघं खाली बसलो. तिचं खेळातलं माणूस तिथे गेलं. इकडे ती खुर्ची मागे सारून म्हणाली, “छान. आता चहा टाक.” आणि महिना व्हायच्या आत एका सकाळी तिच्या हातातून कप पडला, आणि तिला ‘कप’ हा शब्द सापडेना. त्यानंतर कुठलाच सापडला नाही, आणि तेव्हापासून ती दवाखान्यात आहे.

हे मी तुला मागच्या पत्रात लिहिलं, पण ट्रे चुकवला. आणि तू लगेच फोन करून म्हणालीस, “मग बरोबरच आहे की! काचेने डोकं उघडायला कोण हो म्हणेल? इथे खरं ऑपरेशन करायला तिचाच विद्यार्थी आहे, उत्तम दवाखाना आहे, सगळं सामान आहे. आई हो म्हणाली असती.” तू हे म्हणालीस तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी तो दिवसभर दुकानात गुणगुणत होते. पण संध्याकाळी एका आजोबांचा नंबर तपासताना मी नेहमीसारखं विचारलं, आधीची काच बरी की आताची, आणि माझ्या मनात कुठेतरी खटकलं. आईची ती दुसरी संध्याकाळ आठवताना मला पक्कड दिसत होती, पण हातात धरल्याची आठवण नव्हती. म्हणून मी बऱ्याच दिवसांनी जहाजावर गेले आणि झुरळाला विचारलं. तो म्हणाला, “काच? काच माझ्या वेळी होती. बाईंच्या वेळी तर मी स्वतः आगीतून पळत कोठारातनं हत्यारांची पूर्ण पेटी आणली होती, कोपरापर्यंत भाजलो. तू मांडलीस, मी ओरडलो, ‘डॉक्टरीणबाई, सामान आहे सगळं, मीच आणलंय!’ आणि त्या काय म्हणाल्या माहितेय? ‘दिसतंय मला. परत जागेवर ठेव.’ मला जाम राग आला होता.” त्याने हे लिहिलं आणि ती ओळ मला जशीच्या तशी आठवली. नंतर त्याने विचारलं, “बाई बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत, बऱ्या आहेत ना?” मी खेळ बंद केला. त्यालाही सांगायला हवं.

तरी मी स्वतःशी भांडले, ताई. खेळातलं ‘नको’ ते खेळातलं. तिला कंटाळा आला असेल, चहा हवा असेल. म्हणून मी तिच्या विद्यार्थ्याला जाऊन विचारलं की डोक्यातल्या गाठीचं तिला कधी कळलं. तो बिचारा आधी टाळत होता, मग म्हणाला, मॅडम एकट्याच फिल्म घेऊन आल्या होत्या. स्वतःच उजेडाला धरून बघितली, माझ्याकडून फक्त खात्री करून घेतली, आणि मुलींना मी सांगेन म्हणाल्या. ते त्या संध्याकाळच्या आधीच्या आठवड्यात. म्हणजे टेबलावर डोकं उघडायचं की नाही हे मी विचारलं, तेव्हा ती नेमकं तेच ठरवत बसलेली होती. तिने तुला-मला बसवून काही सांगितलं नाही. का, ते मला कळत नाही आणि याचा मला फार त्रास होतो. पण तिने सांगितलंच नाही, असं मात्र आता मला म्हणता येत नाही.

तुझ्या बाजूचंही मी प्रामाणिकपणे लिहिते. विद्यार्थी म्हणतो, ऑपरेशन केलं तर काही महिने मिळतील, कदाचित उन्हाळा. बोलणं परत येणार नाही, उजवी बाजूही नाही. केलं नाही तर फार दिवस नाहीत. त्याला आपल्या दोघींकडून एकच उत्तर हवंय. परवा मी आईच्या कानाशी जाऊन “करू का?” असं विचारून पाहिलं. तिची बोटं हलली. ती तिची नेहमीची थरथर होती की उत्तर, ते मला कळलं नाही, म्हणून मी ते कुठल्याच बाजूने धरलेलं नाही. तिला आणखी एक उन्हाळा मिळावा असं मलाही वाटतं. मी दुकानातून येताना अजून सवयीने दोघींपुरता पाव घेते.

आता हे पत्र का, ते सांगते. तुझं मन वळवायला मी लिहीत नाहीये, आणि तुला दोष तर अजिबात देत नाही. तू त्या संध्याकाळी तिथे नव्हतीस, मी होते. शुद्धीत असताना पेशंट काय म्हणाला ते आठवायचं काम माझ्याकडे आलंय, आणि मला ते आठवलंय. मी डॉक्टरांना ‘नको’ सांगणार आहे. पहिल्यांदाच तुला विचारून नाही, तुला सांगून. त्याच दिवशी तिला घरी आणेन. जेवणाचं टेबल भिंतीला सरकवून खिडकीपाशी पलंग लावून ठेवलाय, तुझ्यासाठी डाव्या बाजूला खुर्ची ठेवली आहे, कारण त्या बाजूचा हात अजून धरला की धरतो. रागावून आलीस तरी चालेल, येऊन भांडलीस तरी चालेल. तिथे जहाजावर खिडकीपाशी तिच्याजवळ आम्ही तिघं बसलो होतो, आणि त्यातल्या दोघांना तिचा चेहराही माहीत नव्हता. इथे निदान आपण दोघी असावं. आज मंगळवार, पत्र तुला शुक्रवारी मिळेल. मी सांगणार आहे ते सोमवारी, चौदा तारखेला.

तुझीच,
टाचणी