पहिल्या रांगेची वेळ

४ डिसेंबर, गुरुवार

दुपारी चिरंजीवांचा फोन. "बाबा, सोमवारी येतोय. तुमची ती पाटी बघायचीय मला." आवाज अगदी शाळातपासनीसाचा! म्हटलं, ये की, पाटी काय पळून जाते? मागून सूनबाई काहीतरी पुटपुटल्या. मग तो म्हणाला, "वेळ बरोबर असेल तर राहा तिथे. चुकलेली असेल तर बॅग भरायची. ठरलं?"

ठरलं म्हणालो. परवा दूध करपून पातेलं जळालं, तेव्हापासून त्याने धसकाच घेतलाय. त्याचंही बरोबर आहे म्हणा. पण त्याच्या घराच्या खिडकीतून काय दिसतं? समोरच्यांची खिडकी! आठ दिवस राहिलो होतो. त्यांच्या वाळत घातलेल्या टॉवेलांवर कविता कशी सुचायची?

आज पाटीवर: भरती ५.५०. खाली दोन ओळी —

सांज उतरली पाण्यावरती, हळूच हलली नाव,
किनाऱ्यास त्या विचारते ती — सांग कुणाचा गाव?

पाचवीत पाठ केलेली. कवीचं नाव तेव्हाही लक्षात राहिलं नव्हतं. वर्गाच्या खिडकीतून समुद्र दिसायचा आणि गुरुजी म्हणायचे, "पुस्तकात बघ, पुस्तकात!" पुस्तकात तरी काय होतं? समुद्रच.

५ डिसेंबर, शुक्रवार

पाण्याकाठी सात बार. सगळ्यांवर बल्बच्या माळा, सगळ्यांची गाणी एकमेकांत मिसळतात. लांबून, डोळे अर्धे मिटून बघितलं तर एखादी मोठी बोट नांगर टाकून उभी आहे असं वाटतं. आमचा बार शेवटचा. वर पत्रा, खाली वाळू. बाहेरच्या जिन्याने चढून गेलं की माझी खोली.

बाकी सहांच्या पाट्यांवर खाण्यापिण्याची यादी असते. आमच्या पाटीवर भरतीची वेळ! पहिल्या रांगेची टेबलं मुद्दाम अगदी पुढे मांडलेली. पाटीवरची वेळ झाली, पाणी टेबलाच्या पायाला लागलं, की लंबू बोंब ठोकतो — "पाहुणा आलाऽऽ!" हा आमचा वेटर, पन्नाशी उलटली तरी आवाज तसाच. मग अख्खी रांग ग्लास सांभाळत उठते आणि टेबलं उचलून दहा पावलं मागे. ओले पाय, हशा, कुणाची चप्पल तरंगतेय! त्या एका मिनिटासाठी लोक दोन-दोन तास थांबतात.

पाटी माझ्याकडे. एकतीस वर्षं धक्क्यावर लाँचची तिकिटं फाडली, भरती-ओहोटी मला नाही कळणार तर कुणाला? जानेवारीतच रोजच्या तारखेच्या कॅलेंडरवर, पानापानाच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने संध्याकाळची वेळ लिहून ठेवतो. सकाळी पान फाडायचं, खिशात घालायचं, खाली जाऊन पाटी लिहायची. बस.

आजची ६.४०. पाहुणा मिनिटाला मिनिट आला. मालकीण म्हणाली, "काका, तुमचं आणि समुद्राचं आतून काहीतरी आहे."

ही असती तर म्हणाली असती, "आणि माझं?" शेवटची लाँच गेली की आम्ही दोघं धक्क्याच्या पायरीवर बसायचो. मी कविता म्हणायचो. ही म्हणायची, "संपली की सांगा, चहा ठेवायचाय."

५ डिसेंबर, शुक्रवार

छे! आज फजितीच झाली. पाटीवर ६.४०. त्याआधीच लंबू घसा साफ करून उभा. शुक्रवार असून शनिवारसारखी गर्दी! सहा-चाळीस झाले. लंबू ओरडला. सगळे ग्लास घेऊन उठले, टेबलं मागे — आणि पाणी चार पावलं लांब! नुसतंच चमकत राहिलं, लाजल्यासारखं.

"कविराज, पाहुणा रुसला वाटतं!" लंबू म्हणाला. लोक हसले. मीही हसलो. काय करणार?

टेबलं परत पुढे मांडली. आणि साडेसातला, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, आला पठ्ठ्या! एक खुर्ची नेली, एका नव्या जोडप्याचे बूट नेले. लंबू गुडघाभर पाण्यात. एक बूट सापडला. नवरामुलगा तोच छातीशी धरून नाचला.

मालकीण एवढंच म्हणाली, "समुद्राला आज उशीर झाला, काका." माझ्याकडे न बघता म्हणाली. मालकिणीचे वडील माझ्याच लाँचवर तांडेल होते, सुकाणू धरायचे. तेही वाईट बातमी अशीच, दुसरीकडे बघत सांगायचे.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी पाटीवर ७.३० लिहिलं. पान आत्ता समोर आहे, त्यावरही ७.३०. पण संध्याकाळी खाली गेलो तर पाटीवर ८.२०! आणि पाहुणा आला तोही आठ-वीसलाच.

आकडे गोलगोल, बांगड्यांसारखे. माझे तसे नाहीत. मालकिणीला विचारणार होतो. ती बर्फ फोडत होती. नाही विचारलं.

७ डिसेंबर, रविवार

चिरंजीव आले — एक दिवस आधीच! पाच वाजता झोपेतून उठवलं मला. म्हटलं, "अरे, सोमवारी येणार होतास ना?"

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मालकीण चहा घेऊन मागेच होती. म्हणाली, "सुट्टीचं गाव आहे, भाऊ. आमच्याकडे सोमवारसुद्धा रविवारच असतो." तो हसला, पण जरा उशिरा.

रात्री पहिल्या रांगेत बसलो, बापलेक. इतकी वर्षं इथे राहतो, पण पहिल्या रांगेत गिऱ्हाइकासारखा कधी बसलो नव्हतो. पाण्यात सातही बारांचे दिवे थरथरत होते. तो म्हणाला, "ती नावेची कविता म्हणा ना." म्हटली. दुसऱ्या ओळीला तोही ओठ हलवत होता!

पाटीवर ९.१०. नऊ-दहाला पाणी पावलांना लागलं — गार! लंबू ओरडला. टेबल आम्ही दोघांनी उचललं. एका बाजूने मी, एका बाजूने तो. त्याची बाजू उंच झाली आणि ग्लास माझ्याकडे घरंगळले. लहानपणी तो माझ्या गुडघ्याला लागायचा.

"वेळ बरोबर आहे, बाबा," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय! राहा." आणि पाण्याकडे बघत बसला.

त्याच रात्री

तो शेजारी झोपलाय. मला झोप नाही.

खिशातल्या पानावर ८.२०. पाटीवर ९.१०. जिना उतरून, बॅटरी मारून पुन्हा बघून आलो. ९.१०च. आज आकडे गोल नाहीत. नऊची शेपटी लांब, धक्क्याला बांधलेल्या दोरासारखी. तो नऊ माझाच! म्हणजे मीच लिहिलं? कधी?

मग ही वही चाळली. ५ डिसेंबर, शुक्रवार. पान उलटलं. ५ डिसेंबर, शुक्रवार.

दोनदा. माझ्याच अक्षरात.

एक पान फाडायचं राहिलं. तेव्हापासून मी एक दिवस मागे चालतोय, आणि सगळं गाव मला सांभाळून घेत पुढे चाललंय. समुद्राला उशीर झालाच नव्हता. आज सोमवार आहे. पोरगा ठरल्या दिवशीच आला.

रडू नाही आलं. नुसतं गार वाटलं, पावलांना लागलं होतं तसं.

ठरलं म्हणजे ठरलं. सकाळी त्याला ही दोन पानं दाखवीन. मालकिणीला खडू परत करीन. बॅग आत्ताच भरतोय. तीन सदरे, हिचा फोटो, पाचवीचं पुस्तक.

९ डिसेंबर, मंगळवार

उठलो तर तो पहिल्या लाँचने गेलेला. कॅलेंडर बघितलं — राहिलेलं पान फाडून नीट माझ्या चष्म्याखाली ठेवलेलं. समोर ९ तारीख.

खडू घेऊन खाली गेलो. सगळं सांगितलं मालकिणीला. म्हणाली, "परवा मीच पुसलं, काका. खोटं कशाला बोलू? पण काल मी हात नाही लावला. चारला भाऊ आला, तुम्हाला उठवायच्या आधी. मला खरी वेळ विचारली. पाटीसमोर बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, खडू द्या."

तिकिटांच्या कोऱ्या बाजूवर, धक्क्यावरच्या खिडकीत मांडीवर बसवून, नऊ मीच गिरवायला शिकवला होता त्याला. शेपटी लांब काढ म्हणायचो.